खाल्लेले तूप अंगी कसे लागते?

"पोरगा खाऊन तर राह्यला साहेब, पण आंगाले काहीच लागून नाही राह्यलं."

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा हे वाक्य त्यांनी तीन वेळा उच्चारले. मुलगा १९ वर्षांचा, वजन फक्त ३८ किलो. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जाणे आणि अधूनमधून पोटात कळ येणे, एवढीच तक्रार. मी पोट तपासले, जीभ पाहिली आणि अशा वेळी आम्ही बहुतेक डॉक्टर जे करतो तेच केले. आमांशाच्या गोळ्या लिहिल्या, जंताचे औषध दिले आणि शेवटी सांगितले, "तेल-तूप बंद करा. पोटाला जरा आराम द्या."

हा सल्ला आपल्याकडे सगळेच देतात. डॉक्टर देतात, वैद्य देतात, शेजारच्या आजीही देतात. त्या मुलाला मी तो सात-आठ महिन्यांत तीनदा दिला. तो चुकीचा होता. का चुकीचा होता, हे समजण्यासाठी आपण खाल्लेल्या तेलातुपाचे लहान आतड्यात नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. वाचकहो, विषय थोडा शास्त्रीय आहे, पण रोजच्या जेवणाचाच आहे.

आपल्या शरीराचा सगळा कारभार पाण्यात चालतो. रक्तात बहुतांश पाणी, लाळेत पाणी, पाचक रसातही पाणी. साखर पाण्यात विरघळते. डाळीतील प्रथिनांचे तुकडे झाले की तेही विरघळतात. तेल मात्र विरघळत नाही. भजी तळून झाल्यावर कढईत नुसते पाणी ओतून पाहा. तेल वर येऊन डोळे वटारून बघत बसते. राख किंवा साबण लावून घासल्याशिवाय ते निघत नाही. नेमकी हीच अडचण आपल्या आतड्यापुढे दिवसातून दोनदा उभी राहते. ती सोडवणे भाग असते, कारण एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून ९. एवढे मोलाचे अन्न वाया घालवणे शरीराला परवडत नाही. निरोगी माणूस खाल्लेल्या चरबीपैकी शेकडा ९५ भाग शोषून घेतो. रोज १०० ग्रॅम चरबी खाल्ली तरी शौचावाटे ७ ग्रॅमपेक्षा जास्त बाहेर पडू नये, असा आमचा हिशेब असतो.

तोंडात चरबीचे फारसे काही होत नाही. जठरात थोडे होते. तेथील एक पाचक द्रव्य चरबीचा काही भाग फोडते, आणि जठराच्या घुसळण्यामुळे तेलाचे मोठे थेंब बारीक होतात. पोळ्याच्या सणाला पुरणपोळीवर तुपाची धार धरून जेवल्यानंतर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, याचे कारणही येथेच आहे. चरबी पुढे गेली की आतडे जठराला निरोप धाडते, "सावकाश सोड, माझे काम चालू आहे." मग जठराचे दार हळूहळू उघडते. पोट जड वाटते ते अपचन नव्हे. आतडे आपल्या सवडीने माल उतरवून घेत असते.

जठरापुढचा लहान आतड्याचा पहिला भाग साधारण दहा इंच लांब असतो. आपल्या बारा बोटांच्या रुंदीएवढा. त्याच्या इंग्रजी नावाचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'बारा' असाच आहे. या दहा इंचांत खरी गंमत घडते. जठरातून आलेले अन्न आंबट असते आणि या आंबटपणात स्वादुपिंडाचा पाचक रस निकामी होतो. आतड्याच्या अस्तराला आंबटपणा जाणवला की ते सिक्रीटिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. ते रक्तातून स्वादुपिंडापर्यंत पोहोचते आणि स्वादुपिंड सोड्यासारखा क्षारयुक्त रस ओतते. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी हे शोधून काढले. पुढे ज्यांना आपण हार्मोन म्हणू लागलो, त्यांतले सिक्रीटिन हे अगदी सुरुवातीचे.

चरबी आल्याची वर्दी मात्र दुसरे हार्मोन देते. नाव जरा अवघड आहे, कोलेसिस्टोकायनिन. १९२८ साली अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते दाखवून दिले. हे हार्मोन एका दमात तीन कामे करते. पित्ताशयाला आवळते, पित्तनळीच्या तोंडाशी असलेली झडप सैल करते आणि स्वादुपिंडाला पाचक द्रव्ये सोडायला लावते. ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत त्यांना लग्नाच्या पंगतीत जेवल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली कळ का येते, हे यावरून लक्षात येईल. चरबी पोहोचली, पित्ताशय आवळले आणि खडा तोंडाशी अडकला.

आता पित्ताविषयी. आपल्याकडे 'पित्त' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. मी येथे म्हणतो ते पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. यकृत तो दिवसाला अर्धा ते एक लिटर बनवते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तो पित्ताशयाच्या पिशवीत साठतो आणि आटून घट्ट होतो. चरबी फोडण्याची ताकद पित्तात नाही. त्याचे काम साबणाचे आहे. त्यातील पित्तक्षारांचे एक टोक पाण्याशी सलगी करते आणि दुसरे तेलाशी. त्यामुळे तेलाचा थेंब फुटून त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत नवल वाटते ते या साबणाच्या काटकसरीचे. आपल्या शरीरात पित्तक्षारांचा एकूण साठा २ ते ४ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाही भरणार नाही. एवढ्याशा साबणात दिवसभराचे तेलतूप धुऊन काढायचे कसे? तर तोच साबण पुन्हा पुन्हा वापरून. आपल्या एस.टी.च्या गाड्या जशा डेपोतून निघतात, शेवटच्या गावापर्यंत जातात, प्रवासी उतरवतात आणि परत येऊन नव्या फेरीला लागतात, तसेच पित्तक्षारांचे आहे. ते वरच्या आतड्यात काम करतात, लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला पोहोचतात, तेथे त्यांतले शेकडा ९५ परत शोषले जातात, रक्तातून यकृतात येतात आणि पुन्हा पित्तात मिसळतात. दिवसाला अशा सहा ते दहा फेऱ्या होतात. म्हणूनच लहान आतड्याचे शेवटचे टोक क्षयाने खराब झाले (आपल्या देशात आतड्याचा क्षय तेथेच जास्त आढळतो) किंवा शस्त्रक्रियेत काढावे लागले, तर गाड्या डेपोत परत येत नाहीत. पित्तक्षार मोठ्या आतड्यात सांडतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. असा रुग्ण कितीही आमांशाच्या गोळ्या खाल्ल्या तरी बरा होणार नाही.

पण साबणाने नुसते थेंब बारीक झाले. ते फोडायचे कोणी? हे काम स्वादुपिंडाचे. जठराच्या मागे आडवी पसरलेली, वीतभर लांबीची ही मऊ ग्रंथी. मधुमेहाच्या निमित्ताने इन्सुलिनसाठी ती लोकांना माहीत झाली आहे, पण तिचा बहुतेक भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. त्या रसात लायपेज नावाचे द्रव्य असते. ते चरबीच्या रेणूची दोन टोके कापते. चरबीचा रेणू म्हणजे एका दांडीला तीन शेपट्या. त्यांतल्या दोन शेपट्या सुटतात, त्यांना मेदाम्ले म्हणतात. एक शेपटी दांडीला तशीच राहते.

हे काम स्वादुपिंडाचे आहे हे कसे कळले, त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड नावाचे शास्त्रज्ञ सशांवर प्रयोग करीत होते. माणसात पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जवळपास एकाच ठिकाणी उघडतात. त्यामुळे कोण काय करते ते कळत नाही. सशात मात्र पित्तनळी वर उघडते आणि स्वादुपिंडाची नळी तिच्यापासून जवळजवळ फूटभर खाली. बर्नार्ड यांनी सशांना चरबी खाऊ घातली आणि पोट उघडून पाहिले. पित्त मिसळल्यानंतरच्या फूटभर आतड्यात काहीच फरक नव्हता. पण स्वादुपिंडाची नळी जेथे उघडते तेथून खालच्या आतड्यावरील बारीक वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवला होता. पाहणारा डोळा तेवढा हवा होता.

कापलेली मेदाम्ले आता पित्तक्षारांच्या पुरचुंडीत बसतात. या पुरचुंड्या इतक्या लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. आतड्याच्या भिंतीला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा थर चिकटलेला असतो. उघडे तेल तो थर ओलांडू शकत नाही. पुरचुंडीत बसून मात्र ते भिंतीपर्यंत जाते, तेथे उतरते आणि पुरचुंडी नव्या प्रवाशासाठी मोकळी होते.

भिंत तरी कशी? मृतदेहात मोजले तर लहान आतडे सुमारे २० फूट भरते. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ते त्याहून आखूड असते. आतून हात फिरवला तर मखमलीसारखे लागेल. या मखमलीचा एकेक तंतू म्हणजे रसांकुर, उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. रसांकुरावरील प्रत्येक पेशीला पुन्हा ब्रशसारखे केस. आम्ही मेडिकलला शिकत होतो तेव्हा सर सांगत, हे सगळे पसरले तर टेनिसचे मैदान झाकेल. परीक्षेत मीही तेच लिहिले आणि मार्क मिळवले. २०१४ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे आतले क्षेत्र सुमारे ३२ चौरस मीटर भरले, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या अर्ध्याहून थोडे कमीच. त्यातला बहुतेक वाटा लहान आतड्याचा. टेनिसचे मैदान गेले, तरी पोटात साडेतीनशे चौरस फुटांचा दिवाणखाना आहे हे काही कमी नाही. आणि त्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते.

या पेशीच्या आत गेल्यावर एक विचित्र गोष्ट घडते. एवढ्या खटाटोपाने तोडलेली मेदाम्ले पेशी पुन्हा जोडते आणि मूळची चरबी तयार करते! पाडलेले घर विटा आत नेऊन पुन्हा बांधावे, तसे. मग त्या चरबीच्या गोळीवर प्रथिनाचे वेष्टण चढते. या गोळीला कायलोमायक्रॉन म्हणतात. ही गोळी इतकी मोठी असते की रक्ताच्या केशवाहिनीत तिला शिरता येत नाही. साखर आणि प्रथिने सरळ रक्तात जातात आणि रक्त त्यांना आधी यकृतात नेते. चरबी मात्र वेगळी वाट धरते. प्रत्येक रसांकुराच्या मधोमध एक बारीक लसवाहिनी असते, तिच्यात ती शिरते.

या वाहिन्या प्रथम दिसल्या १६२२ साली, इटलीत. गास्पारे असेली नावाच्या वैद्याने एका जिवंत कुत्र्याचे पोट उघडले. आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी त्याला त्या नसा वाटल्या. एक कापली, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. नंतर दुसरा कुत्रा पाहिला, तर काहीच नाही. तेव्हा उलगडा झाला की पहिला कुत्रा नुकताच पोटभर जेवलेला होता. उपाशीपोटी या वाहिन्यांत पांढरे काही नसते, म्हणून त्या दिसत नाहीत.

लसवाहिन्या एकत्र येत येत छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरेत रिकाम्या होतात. दुपारी खाल्लेले तूप रक्तात शिरते ते असे मानेजवळून. त्यानंतर काही तास रक्तातील पाणी गढूळ, ताकासारखे दिसते. ट्रायग्लिसराइड नीट मोजायचे असेल तर लॅबवाले उपाशीपोटी या म्हणतात, ते याचसाठी. आदल्या रात्री मटणाचा बेत करून सकाळी रक्त द्यायला येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

ही पांढरी वाट आपल्या पूर्व विदर्भात वेगळ्याच रीतीने प्रकट होते. हत्तीरोगाचे जंत लसवाहिन्यांत राहतात. वर्षानुवर्षांच्या त्रासाने या वाहिन्या तुंबतात, फुगतात आणि कधी कधी मूत्रमार्गात फुटतात. मग आतड्यातून निघालेला चरबीचा द्रव लघवीतून बाहेर पडू लागतो. लघवी दुधासारखी पांढरी होते, कधी तिच्यात साईसारख्या गुठळ्या पडतात, आणि तेलकट खाल्ले की पांढरेपणा वाढतो. असे तरुण माझ्याकडे येतात ते मान खाली घालून. "धातू जाऊन राह्यला, साहेब," असे अगदी हळू आवाजात सांगतात. तोवर भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या कोणाकडे तरी त्यांनी हजारो रुपये घालवलेले असतात. तो धातू नसतो. दुपारच्या जेवणातले तेल आणि त्याबरोबर रक्तातली प्रथिने वाहून जात असतात, म्हणून अशक्तपणा येतो. लघवीच्या साध्या तपासणीपासून सुरुवात करता येते आणि उपचारही आहेत. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आपल्या गावात आली की गोळ्या खिशात घालून नंतर फेकून देणारे पुष्कळ असतात. त्यांनी अशी एक बाटली पाहायला हवी.

अशा रुग्णांना काही दिवस जेवणात तेल कमी करायला सांगतात आणि त्याऐवजी मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे खास तेल देतात. ही आखूड मेदाम्ले लसवाहिनीची वाट न धरता सरळ रक्तात जातात. खोबरेल तेल म्हणजेच ते तेल, असा एक समज पसरला आहे. तो बरोबर नाही. खोबरेल तेलात अशी खरी आखूड मेदाम्ले थोडीच असतात. निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि ते बरेचसे नेहमीच्याच वाटेने जाते.

आता त्या मुलाकडे परत येतो. चौथ्या वेळी त्याची आई आली ती चिडूनच. "साहेब, दोन बकेट पानी टाकलं तरी संडास निघत नाही. वरून पान्यावर तेल तरंगते. तेल तर तुम्ही सांगतलं तवापासून मी बंद केलं, मंग हे तेल येते कुठून?"

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता आणि तो त्यांनी मला विचारला. शौच कसे होते, हे मी सात-आठ महिन्यांत एकदाही नीट विचारले नव्हते. 'किती वेळा' एवढेच विचारले होते. चौकशी केल्यावर कळले की आजी त्याला चोरून दूध आणि शेंगदाणे देत होती. तेच तेल बाहेर पडत होते. आणखी विचारल्यावर आईने सांगितले की दिवे लागायच्या वेळी तो उंबऱ्याला अडखळतो. म्हणजे रातांधळेपणा. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही चार जीवनसत्त्वे चरबीच्या गाडीतूनच आत येतात. चरबी बाहेर गेली की तीही जातात. 'अ' गेले की डोळे जातात, 'ड' गेले की हाडे दुखतात, 'के' गेले की लहानशा जखमेतून रक्त थांबत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी केली. स्वादुपिंडात खडे होते आणि ग्रंथी सुकलेली होती. हा आजार दारू न पिणाऱ्या तरुणांना उष्ण देशांत होतो. भारतात, विशेषतः दक्षिणेकडे, तो बराच आढळला आहे. त्याचे कारण पूर्ण उलगडलेले नाही, पण जनुकांचा काही वाटा आहे. मोठ्या वयाच्या पुरुषांत मात्र स्वादुपिंड सुकण्याचे मुख्य कारण दारू, आणि विडी-सिगारेट तिला हातभार लावते. मोहाची असो की इंग्रजी, स्वादुपिंड भेद करीत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या ग्रंथीजवळ क्षमता इतकी आहे की लायपेज शेकडा ९० भाग घटेपर्यंत शौचात चरबी दिसत नाही. म्हणजे तेल तरंगताना दिसते तेव्हा दहातले नऊ भाग संपलेले असतात. म्हणून ते दिसल्यावर तरी वेळ घालवू नये. मी घालवला.

चरबीचे शौच ओळखायचे कसे? ते फिकट, राखाडी किंवा मातकट रंगाचे, प्रमाणाने जास्त, चिकट आणि फार दुर्गंधीचे असते. भांड्याला चिकटते, पाण्यावर तवंग येतो. बरोबर वजन उतरत जाते. नुसते तरंगले म्हणजे चरबी, असे मात्र नाही. तरंगण्याचे कारण बहुधा आतील वायू असतो, हे १९७२ सालीच अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवले आहे. हरभरे खाल्ल्यावर एखाद्या दिवशी तरंगले म्हणून माझ्या दवाखान्यात धावत येऊ नका. महिनाभर तसेच होत असेल आणि कपडे सैल होत असतील तर या.

कारणे अनेक असतात. जिआर्डिया नावाचा जंतू रसांकुरांवर बसून हेच करतो, आणि त्याला माझ्या त्या पहिल्या गोळ्या लागू पडल्या असत्या. म्हणून पहिल्यांदा त्या देणे चूक नव्हते. गुण नसताना दुसऱ्या-तिसऱ्यांदा देणे ही चूक. काही जणांना गव्हातील प्रथिन सोसत नाही, त्यांच्या आतड्याची मखमल झिजून सपाट होते. अशांना ज्वारी-तांदळावर आयुष्यभर राहावे लागते. पण तपासणीआधीच गहू सोडला तर तपासणी फसते, म्हणून मनानेच सोडू नये. कावीळ होऊन पित्तनळी बंद झाली तरी शौच पांढरे होते.

त्या मुलाला आम्ही लायपेजच्या कॅप्सूल सुरू केल्या. कॅप्सूल कधी घ्यायची, यावर सगळे अवलंबून असते. उपाशीपोटी घेतली तर वाया जाते आणि जेवण आटोपल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेले असते. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण लांबले तर मध्ये दुसरी, चावायची नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. हे रुग्णाला आधी सांगावे, असे माझे मत आहे. काही डॉक्टर सांगत नाहीत. पण नंतर कोणाकडून कळले तर रुग्ण औषधच सोडतो, आणि त्याच्या पोटात काय जावे हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. या मुलाच्या घरी माळ होती. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "द्या."

दुकानात मिळणाऱ्या गोड पाचक सिरपचा येथे उपयोग होत नाही. त्यात बहुधा पपईतले पेपेन नाही तर जठरातले पेप्सिन आणि डायस्टेज असते. पहिली दोन प्रथिनांवर काम करतात, डायस्टेज पिठावर. तुपाला हात लावणारे त्यात कोणी नसते.

आणि तेल-तूप? ते पुन्हा सुरू केले. पूर्वी अशा रुग्णांची चरबी तोडत असत. आता कॅप्सूल नीट चालू असतील तर तोडत नाहीत, कारण वजन वाढायला तीच लागते. वरणावर तूप, भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि आजीचे शेंगदाणे, तेही उघडपणे. वर्षभरात वजन ३८ वरून ४७ किलो झाले.

याच कारणाने निरोगी माणसांनीही तेल पूर्ण वर्ज्य करू नये. हृदयविकाराच्या भीतीने काही घरांत पालेभाजी नुसती उकडून खातात. मेथी, चवळई, शेवग्याचा पाला यांतील 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल चरबीशिवाय फारसा शोषला जात नाही. एका जेवणात चमचाभर तेलाची फोडणी त्याला पुरते. आपल्या आजीने गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घातली, तेव्हा तिला कायलोमायक्रॉन ठाऊक नव्हते. चमचाभर म्हणजे चमचाभरच. भाजीवर बोटभर तर्री आणायला हा लेख पुरावा म्हणून दाखवू नये.

पित्ताशय काढलेल्यांचाही एक नेहमीचा प्रश्न असतो, आता जन्मभर तेल बंद का? नाही. पिशवी गेली, कारखाना म्हणजे यकृत जागेवरच आहे. पित्त थोडे थोडे सतत ठिबकत राहते आणि बहुतेकांचे व्यवस्थित भागते. पहिले काही आठवडे कोणाला पातळ शौच होते, तेव्हा एका वेळी फार तेलकट न खाता ते विभागून खावे.

तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. सुकलेल्या स्वादुपिंडात तो बहुधा येतोच, म्हणून आम्ही दर सहा महिन्यांनी साखर तपासतच होतो. आता इन्सुलिन जेवणाआधी आणि कॅप्सूल जेवताना, अशी दोन्ही वेळापत्रके त्याची आई सांभाळते. मागच्या महिन्यात त्या शेजारच्या गावातील एका बाईंना सोबत घेऊन आल्या. बाईंच्या सुनेचे वजन उतरत होते. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी त्या बाईंना विचारले, "पान्यावर तेल येते का, ते सांग आधी साहेबाले."